झेंड्याखालची माती

"पोरीच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या," लस टोचताना नर्सबाई धाकटीला म्हणाल्या होत्या. "बॅटऱ्यांच्या जुन्या कारखान्याला लागून राहता. या वयात पोरं मातीचे हात तोंडात घालतात. विषाची परीक्षा कशाला?"

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. चिमी दोन वर्षांची होऊनही चार शब्दांपुढे सरकत नव्हती. भिंतीपलीकडे थोरल्या जाऊबाईंची मुलगी तिच्याच वयाची. तिची टकळी इतकी चालायची की घरात तिला मैनाच म्हणत. म्हणजे आमचीच तेवढी मंद, असं ना?

"थोरलीच्या मुलीलाही सांगितलंत?"

"सगळ्यांनाच सांगते."

धाकटीने चिठ्ठीची घडी करून पर्सच्या तळाशी कोंबली. कॉलेज शिकलेली बाई, पण मत्सराने तिच्या पदवीला केव्हाच कोपऱ्यात बसवलं होतं.

पुढच्याच महिन्यात थोरलीच्या अंगणात भूमीबाबा अवतरले. गल्ली लोटली. पोरं भिंतीवर, म्हातारे खुर्च्यांवर, बाकीचे एकमेकांच्या पायांवर.

कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती, पण गल्ली सरकारच्या दूषित जमिनींच्या यादीत होती. यादीत असेपर्यंत पोरांची रक्ततपासणी फुकट होती, आणि वरची माती खरवडून नवी टाकायचं कामही सरकारकडे होतं. तरी लोकांना यादी म्हणजे कपाळावरचा डाग वाटे. पाहुणे पाणीसुद्धा जपून प्यायचे. त्यातच पर्यावरण कार्यालयाने फेरतपासणीसाठी तीन अंगणांत छोटे पिवळे झेंडे रोवले आणि कळवलं: आठ दिवसांनी इथली माती नेऊ, सामान हलवून ठेवा. त्यातला एक झेंडा थोरलीच्या अंगणात.

थोरलीला सगळंच आधी मिळायचं. सकाळचं ऊन, सासूबाईंची मर्जी, बोलकी मुलगी. आता झेंडाही. सरकारी झेंड्याचा हेवा करणारी बाई जगाच्या पाठीवर धाकटी एकटीच असेल.

"माती ही माता," बाबा सांगत होते. "मातेला ताप आला तर कागद दाखवता का? नाडी बघावी लागते. या जमिनीच्या नाड्या तीन. सरकारलाही बघा, नेमक्या तिथंच झेंडे लावायची बुद्धी झाली. शिसं जड खरं, पण माझा मंत्र शिशाहून जड. मंत्र वर बसला की शिसं निघालं पाताळात."

"पाताळातल्यांनी काय करायचं मग?" कोपऱ्यावरचा शिंपी पुटपुटला. बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

हाच विधी तिन्ही अंगणांत व्हायचा होता; सुरुवात थोरलीकडून. झेंड्याभोवती पांढरा पडदा लागला. आत खड्डा खणून तांब्याचा कलश पुरायचा आणि तीच माती वर लोटायची, असं बाबांनी सांगितलं. शिष्य फुलांनी झाकलेल्या टोपल्या आत नेत होते, बाहेर आणत होते. बाबांच्या शेजारी थोरली बसलेली, त्यामुळे धाकटीची नजर हलत नव्हती. म्हणूनच तिला दिसलं: टोपल्या आत जाताना शिष्य वाकत होते आणि बाहेर येतानाही तितकेच वाकत होते. फुलं एवढी जड? पण हेवा माणसाला बघायला लावतो, विचार करायला नाही. ती घरी गेली आणि भांडी आपटली.

कार्यालयाने माती नेली. तीन आठवड्यांनी अहवाल आला: तिन्ही ठिकाणी शिसं मर्यादेत. गेल्या वर्षी याच गल्लीत ते आठपट होतं. गल्लीने बाबांना खांद्यावर घेतलं. यादीतून नाव कमी झाल्याचं पत्र रविवारी थोरलीच्याच अंगणात वाचायचं ठरलं. कलशाच्या जागी तर हातभर रुंद गोलात गवतही तरारून आलं होतं. इतकी वर्षं तिथे तण धरत नव्हतं.

धाकटीला राहवेना. दुपारी थोरली पडलेली पाहून ती भिंतीवरून उतरली आणि गोलातली डबाभर माती चोरून आणली. चिमीच्या खेळण्यातल्या बादलीत घालायला. घेऊ दे माझ्याही पोरीला थोडं पुण्य.

खडे काढायला तिने माती चाळणीत घातली आणि हात थांबला. जाळीवर गव्हाच्या दाण्याएवढे पांढरे शंख उरले होते. नदीतले. नदी तासाभराच्या अंतरावर; या गल्लीत कुठेही खणलं तर वीतभर खाली काळी राख लागते. बाबांचा मंत्र शिसं पाताळात धाडत असेल, पण शंख कुठून आणतो?

टोपल्या आठवल्या. नवी माती आत, जुनी बाहेर. आणि कार्यालय नमुना घेतं झेंड्यापाशीच, आठ दिवस आधी सांगून.

तिने तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण रविवारला आठ दिवस होते. पडू दे तिला सगळ्यांसमोर तोंडघशी, ती मनाशी म्हणाली. रोज भिंतीपलीकडे मैना अंगणात मातीचे गोळे वळत बसायची, बोटं चाटायची. धाकटी बघायची आणि स्वतःला समजवायची, गोलातली माती चांगलीच आहे की.

शुक्रवारी तिने कार्यालयातल्या नमुने घेणाऱ्या बाईंपुढे शंखांची पुडी उघडली. बाईंनी एक शंख तळहातावर घेतला. "झेंडा आधी लावायचा हा नियम आमचाच," त्या म्हणाल्या. "लोकांच्या सोयीसाठी."

रविवारी त्या न सांगता आल्या. पत्र वाचायच्या आत त्यांनी माती काढायचा पोकळ नळा गोलात ठोकला. नळ्यातून तपकिरी माती आली, शंखांसकट. मग दोन हात पलीकडे ठोकला. काळी राख आली, तिच्यात बॅटरीच्या पट्टीचा तुकडा.

"नाडी सरकली आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, ती आधी घट्ट बांधायची असते," शिंपी म्हणाला. हशा पिकला, आणि त्यात एक शिष्य बोलून गेला: नदीची माती आणायला टेम्पो दलालाने दिला होता; गल्ली यादीतून निघाली की त्याला कारखान्याची जागा विकायची होती. बाबा चपला शोधू लागले.

थोरली हसली नाही. ती धाकटीजवळ आली. "तुला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले, ताई."

"आठ दिवस मैना इथंच बसली होती गं. या गोलाच्या बाहेर."

धाकटीने पर्सच्या तळाची चिठ्ठी काढली. त्याच दुपारी दोघी पोरींना कडेवर घेऊन दवाखान्यात गेल्या. चार दिवसांनी निकाल आला. चिमीच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. मैनाच्या रक्तात त्याच्या दुप्पट.

"पण ती तर एवढी बोलते," धाकटी म्हणाली.

"शिसं तोंडावर दिसत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "रक्तात बघावं लागतं."

गल्ली पुन्हा यादीत गेली. आता माती खरवडायला यंत्र आलं आहे, दोन्ही पोरींवर उपचार चालू आहेत, आणि त्यांचे हात धाकटी स्वतः धुते, आधी मैनाचे.

मंत्राने माती शुद्ध होत नाही; ती खणून न्यावी लागते. अहवाल आला तर विचारा: नमुना कुठून घेतला, किती खोल, आणि आधी कोणाला ठाऊक होतं? आणि एक काम आजच करा. ज्या घराचा तुम्हाला हेवा वाटतो, त्या घरी जा. तिथलं मूल कुठे खेळतं ते बघा, त्याचं रक्त तपासलंय का ते विचारा. रविवारची वाट बघू नका.