डाव्या दिव्याचा जबाब

मी डाव्या बाजूचा बल्ब बोलतोय. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या बाबूरावांच्या जुन्या जीपचा डावा दिवा लागायचा, तो माझ्यामुळे. सध्या मी बनियनच्या चिंधीत गुंडाळलेला, जीपच्या खणात पडून आहे. उद्या सकाळी बाबूरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. बोलता बोलता आवाज कापला तर समजून घ्या, आमची तारच नाजूक असते.

माझा जन्म कारखान्यातला. काचेचा फुगा आणि आत दोन तारा, एक लांबच्या उजेडाची, अप्परची, आणि एक जवळच्या उजेडाची, डिपरची. जन्मल्याबरोबर मला पुठ्ठ्याच्या डबीत घातलं आणि इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवरच्या बंडूच्या दुकानात मी दीड वर्ष अंधारात काढलं. कोणी हेडलाइटचा बल्ब मागितला की मी डबीतून कान देऊन ऐकायचो. आपल्याला नेतील का, आणि नेलं तर एखाद्या खडखडत्या ट्रकला तर लावणार नाहीत ना, ही धास्ती.

एकोणीस वर्षांपूर्वी मला बाबूरावांनी नेलं. ते महूच्या लष्करी वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते, त्यांचे वडील फौजेत होते. जीपही फौजेचीच, लिलावात घेतलेली. ती रोज चालत नाही. लग्नकार्य, धम्मचक्र दिन आणि तेरा एप्रिलच्या संध्याकाळी राऊहून महू, एवढंच तिचं फिरणं. जयंतीच्या आदल्या त्या संध्याकाळी वस्तीतली नऊ-दहा मुलं मागे बसतात, बॉनेटवर निळा झेंडा असतो आणि सगळ्या गाड्यांच्या पुढे आमची जीप असते. वर्षभर मी त्या एका संध्याकाळची काळजी करत असतो.

बाबूराव शिस्तीचे. अंगणाच्या भिंतीवर त्यांनी गेरूची एक आडवी रेघ ओढली होती. भिंतीपासून पंचवीस फुटांवर जीप उभी करायची, डिपर लावायचा आणि आमचा उजेड रेघेच्या खाली पडतो का ते पाहायचं. उजेड वर गेला तर समोरच्याचे डोळे दिपतात, म्हणून ते स्क्रू पिळून आम्हाला मान खाली घालायला लावायचे. जयंतीच्या आधी भिंतीला चुना लागायचा, तेव्हा ते स्वतः रेघेवर वर्तमानपत्राची पट्टी चिकटवायचे. त्या रेघेला धक्का लागलेला त्यांना खपायचा नाही.

शेजारच्या सीटवर गयाबाई, त्यांच्या पत्नी. या बाई गाडीत बसल्या की तोंडाला विश्रांती नाही. खड्डा आला, म्हैस आली, अहो तो सायकलवाला. बाबूराव कुरकुरायचे की गाडी मी चालवतोय का तू. ज्याच्यावाचून चालत नाही त्यालाच माणसं कटकट म्हणतात, हे मी खूपदा पाहिलं आहे. पण दोन-तीन वर्षांपासून मला एक गोष्ट खुपायला लागली. पूर्वी आधी ब्रेक लागायचा आणि मग गयाबाई बोलायच्या. आता गयाबाई बोलायच्या आणि मग ब्रेक लागायचा.

मी घाबरलो ते स्वतःसाठी. वाटलं, आपणच मंदावलो. वयाने आमची काच आतून काळवंडते, हे खरंच आहे, आणि माझ्या काचेवर एक डाग आलाही होता. मी जीव तोडून पेटायचो. तरी बाबूराव म्हणायचे, लाइट डाउन आहे.

यंदा मार्चमध्ये गयाबाईंचे गुडघे धरले आणि जीपवर चढणं बंद झालं. एकदा दिवेलागणीला बाबूराव एकटेच निघाले. राऊच्या वळणावर विटांची ट्रॉली उभी होती. मला ती लांबूनच दिसली, तिच्यामागचा नंबरसुद्धा वाचता येत होता. ब्रेक काही लागेना. मी गयाबाईंच्या आवाजाची वाट पाहत होतो आणि ती सीट रिकामी होती. शेवटी ट्रॉलीवरचा माणूस ओरडला, तेव्हा कुठे आम्ही हातभर अंतरावर थांबलो.

घरी आल्यावर ठपका माझ्यावर आला. बाबूरावांचा मुलगा अश्वजित इंदूरला एका कंपनीत नोकरीला आहे. तो म्हणाला, आता बास, एलईडी लावून टाकू. त्याचं काही चूक नव्हतं. वडील थोडक्यात वाचले होते आणि तेरा तारखेला त्यांच्या मागे दहा मुलं बसणार होती. पण बाबूरावही म्हणाले, "बल्बच थकलाय." एकोणीस वर्षांत ते मला असं कधी बोलले नव्हते.

जयंतीला चार दिवस असताना, उन्हं कलल्यावर बंडू एलईडी घेऊन आला. आधी डावा बदलू, उजवा जुनाच ठेवू, म्हणजे फरक कळेल, असं ठरलं. मला काढून बॉनेटवर ठेवलं आणि माझ्या जागी तो बसला, गार राहायला पाठीला इवलासा पंखा लावलेला. "बाबूजी, ये तो दिन निकाल देगा," बंडू म्हणाला. मला राग आला, पण खोटं कशाला बोलू? त्याचा उजेड लख्ख होता आणि जुन्या बॅटरीवर त्याचा भारही कमी. एवढंच, की आमच्या मागची आरशाची वाटी तारेच्या हिशेबाने घडवलेली. तिच्यात त्याचा उजेड चौफेर सांडत होता, आणि समोरून येणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

भिंत त्या उजेडात पांढरीफेक दिसत होती. रविवारी बाबूराव जयंतीच्या मीटिंगला महूला गेले होते, तेव्हा गयाबाई खुर्ची टाकून बसल्या आणि नात मोनालीने भिंतीवर चुन्याचे दोन हात मारले होते.

अश्वजितने विचारलं, "बाबा, रेघ दिसते ना आता?"

बाबूरावांनी डोळे बारीक केले. "एकदम साफ," ते म्हणाले. "उजेड थोडा वर जातोय रेघेच्या. बंडू, खाली घे जरा."

बंडूच्या हातातला स्क्रू पिळायचा पेचकस तसाच राहिला. ओट्यावर बसलेल्या गयाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, रेघ नाहीये तिथं. चुना मारताना कागद लावायचा राहूनच गेला."

बाबूराव भिंतीपाशी गेले. जिथे रेघ होती तिथून त्यांनी तळवा फिरवला आणि हाताला लागलेला चुना डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"कधीपासून?" गयाबाईंनी विचारलं.

"तू बोलायचीस ना," ते म्हणाले. "काम चालून जायचं."

मला हायसं वाटायला हवं होतं. माझा दोष नव्हता, हे सगळ्यांसमोर ठरलं होतं. पण मला फक्त त्या मागे बसणाऱ्या मुलांचे चेहरे आठवत होते. बाबूरावांनी खिशातून किल्ली काढली आणि लायसन्स असलेल्या मोनालीच्या हातात दिली. "तेराला जीप तू चालव, बेटा." एवढं बोलून त्यांनी मला बॉनेटवरून चाचपडत उचललं आणि चिंधीत गुंडाळलं.

तेरा तारखेला जीप एक डोळा पांढरा आणि एक पिवळा घेऊन महूला गेली. लोक हसले. बाबूराव गयाबाईंच्या सीटवर बसले होते, मी त्यांच्या गुडघ्यासमोरच्या खणात. मोनाली नीट चालवते, पण प्रत्येक ब्रेकला मी दचकत होतो.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आहे, चांगला पिकलेला. बाबूरावांनी बंडूला बजावलंय की आता काही बदलू नकोस. आधी डोळे, मग भिंत. मोनालीने त्यांच्याकडून माप विचारून नवी रेघ ओढली आहे. त्या रेघेसमोर ते मला आणि एलईडीला आळीपाळीने लावून पाहणार आहेत. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर पांढरं ते खरंच पांढरं दिसेल. म्हणजे माझा पिवळेपणा आणि काचेवरचा डागही त्यांना दिसणार. आजवर मोतीबिंदूने माझंही वय झाकलं होतं, हे मला काल कळलं आणि रात्रभर मी त्याच विचारात होतो.

तुमच्या घरात कोणी उजेड कमी झालाय म्हणू लागलं, तर बल्ब जरूर बदला, आमची तक्रार नाही. पण त्यांना भिंतीसमोर उभं करून काय दिसतं तेही एकदा विचारा. माझं म्हणाल तर मला परत लावोत किंवा याच चिंधीत ठेवोत. बाबूरावांना रेघ दिसली पाहिजे, आणि रेघ नसेल तर नाही म्हणता आलं पाहिजे.