ज्वारीचे पाच दाणे

“मूठ घट्ट ठेवजो वो माय. कहानी पुरी होईस्तोवर उघडू नोको.”

ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढताना गीतांजलीच्या बोटांना कागदाची पुडी लागली आणि अकरा दिवसांपूर्वीचा रुख्मिणीबाईंचा आवाज पुन्हा कानाशी आला. तिनं पुडी तशीच मागं सरकवली, ड्रॉवर लावला आणि पेनड्राइव्ह पियुषच्या हातात दिला.

स्टुडिओ पियुषचा, अमरावतीत राजापेठेला, कपड्यांच्या दुकानावर दोन खोल्या. आवाज निवडायचं काम गीतांजलीचं. समोर अकोल्याचे देवीदासजी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या ट्रस्टला चातुर्मासाच्या कहाण्या मोबाइलवर ऐकवायच्या होत्या, वाचता न येणाऱ्या बायकांसाठी. आवाज आपल्या वऱ्हाडातलाच पाहिजे, असं त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं.

म्हणून तर गीतांजली दर्यापूरपर्यंत गेली होती. त्याआधी बावीस आवाज ऐकून झाले होते. कुणी बातम्या वाचल्यासारखं सांगे, कुणी साबण विकल्यासारखं. रुख्मिणीबाई सांगू लागल्या की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबत. सत्तरीच्या बाई, चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांना कहाण्या सांगत आलेल्या. बोलावल्यावर सकाळच्या बसनं उपाशीपोटी आल्या. कहाणी आधी, जेवण मग, हा नेम. रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत त्या हेडफोन लावू देईनात.

“कान बंद करून सांगू कोनाले? समोर मानूस बसव.”

गीतांजली समोर बसली. बाईंनी पदराची गाठ सोडून ज्वारीचे पाच दाणे तिच्या तळहातावर ठेवले, तिची मूठ आपल्या हातानं मिटली आणि सुरुवात केली. गरिबाची लेक माहेरी निघाली. वाटेत नदी आडवी आली. पलीकडे भावाच्या घराचा दिवा. लेकीनं हाक मारली...

काचेवर टकटक झाली. पियुषनं दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं झाली होती, नमुन्याला तेवढं पुरे.

“बस आजी,” गीतांजली म्हणाली होती. “आवाज कळला.”

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. “अवो, लेक पान्याच्या काठावर उभी हाय!”

“पुढची रेकॉर्डिंगच्या दिवशी. मी फोन करते.”

“करशीन ना?”

“नक्की करते.”

“मंग दाने ठेवजो. सांडू नोको.”

रोज पोथीचा अध्याय पुरा झाल्याशिवाय चहासुद्धा न घेणाऱ्या गीतांजलीला, अर्धी कहाणी अशी सोडायची नसते, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्या दिवशी आणखी चार जणी बाहेर बाकावर बसल्या होत्या.

देवीदासजींनी नमुना ऐकला आणि कपाळाला आठी घातली. “गावाकडचा पाहिजे ताई, पण इतका बी गावंढळ नको. लोक हासतीन.” मग पुण्याची एक नावाजलेली बाई ठरली. तिनं लहेजा पकडण्यासाठी एखादा मूळ आवाज मागितला, आणि रुख्मिणीबाईंची ती दोन मिनिटं गीतांजलीनंच स्वतःच्या हातानं पाठवून दिली.

पियुषनं पेनड्राइव्हवरची पुण्याच्या बाईची फाइल लावली. आवाज मधासारखा होता. गरिबाची लेक माहेरी निघाली. रुख्मिणीबाई जिथं श्वास घेत, तिथंच तो श्वास घेई. जिथं त्यांचा गळा किंचित खरखरे, तिथं तीच खरखर होती. नदी आडवी आली. लेकीनं हाक मारली. आणि त्यापुढं आवाज एकदम सपाट झाला, शाळेतल्या धड्यासारखा. खरखर नाही, थांबणं नाही. तिथून पुढं उचलायला काही नव्हतंच.

“वा!” देवीदासजींनी मान डोलावली. “आमची आजी आठवली, खरं सांगतो. घ्या ताई, पेढा घ्या.”

“माझा आज उपास आहे,” गीतांजली म्हणाली. उपास नव्हता.

“त्या दर्यापूरच्या आजीला कळवलं का ताई?” पियुषनं विचारलं. “बिचारी वाट पाहत असन.”

अकरा दिवस झाले होते. गीतांजली फोन घेऊन जिन्यात गेली. रुख्मिणीबाईंच्या सुनेनं, मोनालीनं उचलला.

“तुमीच का त्या स्टुडिओच्या बाई? बरं झालं वो! आमच्या आत्याबाईनं त्या दिसापासून मीठ सोडलं न.”

“मीठ?”

“कहानी अर्धी राहिली म्हून. अयनी भाकर खाऊन राहिल्या अकरा दिवस. डॉक्टर रागावला, चक्कर येते. मी म्हनलं, मले सांगा अन् मोकये व्हा. तं म्हंतात, दाने जिच्या मुठीत तिलेच पुरी सांगा लागते. ते बाई फोन करनार हाय, शब्द देल्ला तिनं.” मोनाली थांबली. “मंग, कधी बोलावता? लुगडं धुऊन ठेवलं त्याईनं.”

जिन्याखाली दुकानातला माणूस गिऱ्हाइकासमोर कापडाचा तागा उलगडत होता.

“बोलावत नाही. मीच येते. आजच.”

“न्यायले?”

“नाही,” ती म्हणाली. “ऐकायला.”

मोनालीला काय ते कळलं. ती हळूच म्हणाली, “या. पन रेकॉर्डिंग नाई, हे आत्याबाईले तुमीच सांगा. मह्यानं नाई होत.”

गीतांजली आत आली. ड्रॉवर उघडून पुडी काढली, उलगडली. पाचही दाणे होते. तिनं ते उजव्या तळहातावर घेतले आणि मूठ मिटली.

“ताई, कुठं? चार वाजता पुढची फाइल ऐकायची हाय न!” पियुष म्हणाला.

“माझी एक अर्धी राहिलीये.”

जेवणाच्या डब्याची पिशवी तिनं खुंटीवर तशीच राहू दिली. दर्यापूरची बस भरलेली होती. मागच्या बाकावर जागा मिळाली. वलगाव मागं पडलं तेव्हा कंडक्टर तिच्यापर्यंत आला. गीतांजलीनं पर्स गुडघ्यांत धरली आणि डाव्या हातानं तिची चेन ओढू लागली.

“तो हात दुखते का वो बाई?” शेजारणीनं विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. मूठ मांडीवर तशीच मिटलेली होती.