जुमाचं पुस्तक आणि लिफ्टमधला वास

“काका, एकही खून नसलेलं डिटेक्टिव्ह पुस्तक आहे का?”

रुतिकाने हे विचारलं तेव्हा पूर्वी आणि प्रितेश हे तिचे दोस्त तिच्यामागे तोंडावर हात दाबून उभे होते. पैज त्यांचीच. सानपाड्याच्या वाचनालयातल्या श्यामसुंदरकाकांना फालतू प्रश्न चालत नाहीत. विचारणारा ओरडा खातोच. पण काका ओरडले नाहीत. उठले, खालच्या फळीवरून मला ओढलं आणि फुंकर मारली.

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. पुण्याच्या एका छापखान्यात माझी पानं शिवली गेली. तेव्हा माझी पाठ ताठ होती आणि मुखपृष्ठावर निळंशार तळं होतं. माझ्यात टांझानियातला म्हातारा जुमा राहतो. होड्या दुरुस्त करता करता तो गावातल्या भानगडी उलगडतो. त्याच्याकडे पिस्तूल नाही, भिंग नाही. येईल त्याला तो होडीच्या सावलीत बसवतो, घरदार, मुलंबाळं, तब्येत सगळं विचारतो आणि मग गप्प राहतो. बस्स, एवढंच! सुरुवातीला लोकांनी मला डोक्यावर घेतलं. पुढे रक्ताचे शिंतोडे उडालेली जाडजूड पुस्तकं आली आणि मी खालच्या फळीवर गेलो. वाळवी लागली नाही, हेच नशीब.

रुतिकाने मला जुईनगरला घरी नेलं आणि माझा फडशा पाडला. आता तिला स्वतःची केस हवी होती. ती तिच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येच सापडली.

श्रावण चालू होता. तरी दर रविवारी लिफ्टमध्ये मासळीचं पाणी सांडलेलं असायचं. सगळ्यांनी बोट दाखवलं ते गेटबाहेर मासळीची टोपली घेऊन बसणाऱ्या गिरजाबाईंकडे. म्हणे, त्याच चोरून वर येतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांना गेटवरून कायमचं उठवायचं ठरणार होतं. त्यांचं घर त्या टोपलीवर चालायचं. आणि सोसायटीचे सेक्रेटरी होते रुतिकाचे पप्पा, शहाजीराव.

रविवारी संध्याकाळी रुतिका मला काखेत मारून गिरजाबाईंशेजारी फुटपाथवर जाऊन बसली.

“मावशी, गुडघा कसाय? घरी सगळे बरे ना?”

“आज काय गो, लय माया आली? मासली तर घेनार नाय तू. तुमचा श्रावन हाय.”

“नुसती बसले. चहा घेणार?”

चहा आला. गिरजाबाईंनी तळवलीतल्या सुनेचं बाळंतपण सांगितलं, नातवाचे दात सांगितले. रुतिकाने मध्ये तोंड घातलं नाही. तिच्यासाठी हा विश्वविक्रमच! मग ती गप्प राहिली.

शेवटी गिरजाबाईच बोलल्या, “मी कदी लिफ्टमदी पाय नाय टाकला. मासली वर नेनारा दुसराच हाय.”

“कोण? नाव सांगा, मी उद्या मीटिंगमध्ये सगळ्यांची बोलती बंद करते!”

“गिऱ्हाईकाचा नाव कुनाला नाय सांगाचा. आनि तुला तर नायच नाय.”

“मला का नाही?”

गिरजाबाईंनी टोपलीवरचं फडकं उगाच नीट केलं.

रुतिकाची बोटं माझ्या पाठीवर घट्ट झाली. श्रावण पाळतो म्हणून साताऱ्याच्या नातेवाइकांना फोनवर ऐकवणारे पप्पा. दर रविवारी सातव्या मजल्यावर मानसिंगकाकांकडे “सोसायटीच्या फायली” नेणारे पप्पा. त्या फायली काळ्या पिशवीतून जायच्या.

मित्रांनो, मी पुस्तक आहे. मला हसू येत नाही, रडूही येत नाही. तिच्या कपातला चहा माझ्यावर सांडला, तोसुद्धा मला पुसता आला नाही. म्हणून एवढंच मागतो: आमची पानं दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका आणि धूळ बघून मागे फिरू नका. आमच्यातली माणसं कुणी उघडल्याशिवाय कामाला लागत नाहीत.

त्या रात्री जेवताना रुतिकाच्या आईने, उज्वलाताईंनी विचारलं, “अहो, आजपण भूक नाही?”

“मानसिंगकडं चहा-बिस्किटं झाली गं,” शहाजीराव म्हणाले.

रुतिकाने मला ताटाशेजारी ठेवलं.

“आई, पप्पा, उद्या मीटिंगला मी गिरजाबाईंना घेऊन येणारे. पप्पा, त्यांनी तुमचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. मीपण घेणार नाही. पण लिफ्ट कुणी घाण केली, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत मी त्यांच्या शेजारून उठणार नाही.”