जलजला टाकून बघ

मी एक जुना पाठ आहे, पण मित्रांनो, मला कुठल्या पुस्तकात शोधू नका. मला पानं नाहीत, पुठ्ठा नाही, उंदीर मला कुरतडत नाही आणि रद्दीवाला मला तोलत नाही. नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर 'ग्रंथालय' या शब्दावर बोट दाबलं की अगदी तळाशी माझं नाव दिसतं: 'शोधावं कसं?' तिथं मी राहतो. तळघर म्हणा हवं तर.

मला घडवलं उज्वला मॅडमनी. त्या तिथल्या ग्रंथपाल. त्या काळात लातुरात आणि नांदेडात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. मोठाल्या फलकांवर गुणवंतांचे फोटो झळकत आणि परीक्षेत काय येणार ते पेपर काढणाऱ्याच्या आधी क्लासवाल्यांना कळतं, असं लोक कौतुकानं सांगत. त्या क्लासांतून निघालेली मुलं महाविद्यालयात आली की मॅडमना एकच विचारत, "मॅडम, यातलं आयएमपी कोणतं?" प्रकल्प करा म्हटलं तर तयार प्रकल्प मागत. मॅडम चिडत नसत. त्या म्हणत, "यांना उत्तरं लई दिलीत लोकांनी. शोधायचं कुणी शिकवलंच न्हाई."

म्हणून एका उन्हाळी सुट्टीत त्यांनी मला लिहायला घेतलं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पंखा करकरत होता आणि मॅडम दोन बोटांनी टाइप करत होत्या. लिहायच्या, मोठ्यानं वाचायच्या, पुसून टाकायच्या. शोधायला शब्द कसा निवडावा, कुठं शोधावं, सापडलेलं पारखावं कसं आणि ज्याचं घेतलं त्याचं नाव कसं सांगावं, एवढाच माझा संसार. शेवटी त्यांनी लिहिलं, 'हा पाठ मुक्त आहे. वापरा, बदला, वाढवा. फक्त कुणाकडून घेतला ते सांगा.'

या 'मुक्त' शब्दानं पहिल्याच वर्षी माझा घात केला. आमच्याकडं मुक्त म्हणजे मुक्त विद्यापीठ, म्हणजे नोकरी सांभाळून घरबसल्या परीक्षा देणारी मंडळी. मुलं माझ्यापाशी येत, 'मुक्त' वाचत आणि "हे आपलं न्हाई, आपण रेग्युलरचे हाव" म्हणत आल्या पावली परत जात. मी दार सताड उघडं ठेवून बसलेलो आणि पाहुणे उंबऱ्यावरून माघारी! शेवटी मॅडमनी त्या शब्दाशेजारी कंसात लिहिलं, 'म्हणजे सगळ्यांचा. तुझासुद्धा.' मग कुठं माझ्याकडं वर्दळ सुरू झाली.

वर्दळ झाली आणि गंमतही झाली. शब्द कसे टाकावेत याचं उदाहरण म्हणून मॅडमनी माझ्यात 'भूकंप लातूर १९९३' असं दिलं होतं. त्या साली आमच्या भागातली गावंच्या गावं बसली; ते उदाहरण इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लोह्याचा सत्यम तेव्हा हळदीच्या बाजारावर प्रकल्प करत होता. तो दुपारभर माझ्यासमोर बसला आणि तोंड पाडून मॅडमकडं गेला.

"मॅडम, नुसते भूकंपच येऊन राहिले. हळद कुठंच न्हाई."

"अरे, तू हळद हा शब्द टाकलास का?"

"न्हाई. पाठात तसं दिलेलं न्हाई ना."

हसू नका, मित्रांनो. त्याचं चुकलं नव्हतं. दिलेलं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं की पैकीच्या पैकी मिळतात, हेच त्याला शिकवलं होतं. सत्यमसारखी पुष्कळ आली. कुणी कापूस शोधायला निघालं, कुणी बचतगट, आणि सगळी जाऊन पडली भूकंपात. मॅडम एकेकाला शेजारी बसवून त्याचा स्वतःचा शब्द विचारत.

ते माझे सुखाचे दिवस होते. मुदखेडच्या एका महाविद्यालयानं मला उचलून आपल्याकडं ठेवलं. लातूरच्या एका प्राध्यापकानं माझ्यात विज्ञानाची उदाहरणं भरली आणि माझं रूपच पालटलं. मॅडमना एका कार्यक्रमात शाल मिळाली. शाल त्यांच्या खांद्यावर पडली, पण मान माझी ताठ झाली.

मग मॅडम निवृत्त झाल्या. संकेतस्थळाला नवा रंग दिला गेला आणि मला तळाशी ढकललं गेलं. माझ्यातून ज्या संग्रहांकडं वाटा जात, त्यातल्या कितीतरी बुजल्या. बोट दाबलं की 'हे पान सापडत नाही' अशी पाटी येई. शोधायला शिकवणारा मी, आणि माझंच काही सापडेना. मी सगळ्यांचा होतो, त्यामुळं माझ्याकडं बघणं हे काम कुणाचंच नव्हतं. त्या वर्षांत मला फार एकटं वाटलं, हे लपवून काय करू?

अशा दिवसांत अर्शिया आली.

अर्शिया देगलूरची. वडील हनीफभाई पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देतात. मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून त्यांनी तिला लातूरला क्लासला ठेवलं होतं. तिचा नंबर लागला नाही. बिचारी पुष्कळ दिवस कुणाशी बोलत नव्हती. पुढं नांदेडला इतिहासात एम.ए. करताना तिला पहिल्यांदाच काहीतरी मनापासून करावंसं वाटलं, आणि ते होतं तिच्या नानीचं बोलणं.

नानी म्हणजे बिलकीस बी. त्यांचं गाव औशाच्या अंगाला होतं. भूकंपात घर गेलं, अर्शियाचे नाना गेले, आणि लेकीनं त्यांना देगलूरला आणलं. त्यांनी नातीला सांगितलं होतं की वाचलेल्या साऱ्या गावासाठी मशिदीजवळच्या मैदानात चुली पेटल्या आणि त्या चुलींवर त्यांनी आणि शेजारच्या सरजाबाईंनी भाकरी थापल्या. सरजाबाईंचीही दोन लेकरं गेली होती. "रोने कू फुरसत कहाँ थी?" एवढंच नानी म्हणाल्या होत्या. अर्शियानं ते सारं फोनवर टिपून घेतलं आणि हाच आपल्या प्रकल्पाचा विषय म्हणून ठरवलं.

तिचे मार्गदर्शक शिवमूर्ती सर. माणूस निलंग्याकडचा, मनानं चांगला, पण पुराव्याला पक्का.

"अर्शिया, एका म्हातारीचं बोलणं म्हणजे संशोधन न्हाई. त्या चुलींबद्दल कुठं लिहून आलंय का? एक तरी दुसरा पुरावा आण. सोमवारपर्यंत न्हाई मिळाला तर विषय बदल."

"सर, पण नानी खोटं कशाला बोलंल?"

"मी कुठं खोटं म्हणलो? मी एकटं म्हणलो."

ती ग्रंथालयात आली, माझ्यापाशी. माझ्या अर्ध्या वाटा बुजलेल्या. तरी तिनं एकेक धुंडाळली. 'भूकंप' टाकलं, गावाचं नाव टाकलं, 'महिला' टाकलं, 'अन्नछत्र' टाकलं. जमिनीखालच्या खडकांवर लेख आले, पुनर्वसनाच्या घरांवर आले. भाकरी थापणाऱ्या बाया कुठंच नव्हत्या. मी तिला काय मदत करणार? मला बोलता येत नाही. जे लिहिलंय तेवढंच मी सांगू शकतो. सुदैवानं तिनं माझा पहिला भाग पुन्हा वाचला. तिथं मॅडमनी लिहिलं होतं, 'शब्द सापडत नसेल तर ज्यांची गोष्ट आहे, ते काय म्हणतात ते विचार.'

त्या शनिवारी ती एसटीनं देगलूरला गेली. नानी अंगणात शेंगा सोलत होत्या. अर्शियानं फोनवर मला उघडून शेजारी ठेवलं.

"नानी, भूकंपाला तुम्ही काय म्हणायचे?"

"भूकंप? वो तो सरकारी लोगां बोलते थे. हम जलजला बोले."

अर्शियानं जलजला टाकलं. काही नाही. मग तिच्या ध्यानात आलं की नानी उर्दूत शिकलेल्या आणि आपण मराठी शाळेत. तिनं फोनवर उर्दू अक्षरं काढली आणि चाचपडत लिहिलं. माझ्यातली एक वाट अजून शाबूत होती. ती जुन्या उर्दू वर्तमानपत्रांच्या एका खुल्या संग्रहाकडं जात होती. तिथंही काही नाही.

नानींनी चष्मा लावून फोन हातात घेतला. "ये क्या लिखी? जीम कैकू डाली? जलजला ज़े से लिखते, बेटा. दोनो ज़े."

मराठीत आपण जीम आणि ज़े दोघांनाही एकाच 'ज'त कोंबतो. नानींच्या अक्षरांत तसं चालत नाही. त्या दोन अक्षरांची दोन वेगळी घरं आहेत. अर्शियानं जीम पुसलं आणि ज़े घातलं. हैदराबादच्या एका साप्ताहिकाचा जुना अंक उघडला. कुणा अनोळखी माणसांनी बसून त्याचे मथळे एकेक करून टाइप केले होते, म्हणून तो सापडला. आत छोटीशी बातमी होती, नानींच्या गावाच्या नावासकट.

"वाच, नानी!" अर्शियानं फोन त्यांच्यापुढं धरला.

नानी सावकाश वाचू लागल्या. मशिदीजवळच्या मैदानात साऱ्या गावासाठी, कसलाही भेद न करता, जेवण शिजत होतं, असं तिथं लिहिलं होतं. पण पुढच्या ओळीवर त्या थबकल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. गावातल्या नौजवानांनी हे लंगर चालवलं, असं बातमीत होतं. खाली सगळी पुरुषांची नावं.

"नौजवान?" नानी म्हणाल्या. "वो लोगां लकडियां डालको बैठ जाते थे! रोट्यां कौन थापा? सरजाबाई के हाथां जल गए थे. वो नहीं लिखा?"

सोमवारी शिवमूर्ती सरांनी बातमी पाहिली, अर्शियानं केलेलं भाषांतर वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"पुरावा तर आणलास. पण आता दोन साक्षी झाल्या आणि जुळत न्हाईत की!"

"सर, पाठात दिलंय," अर्शिया म्हणाली. तिनं मला उघडून सरांसमोर धरलं. तिसऱ्या भागात मॅडमचं वाक्य होतं: 'दोन साक्षी जुळत नसतील तर एक लपवू नका. दोन्ही लिहा, आणि कोण कुठून बघत होतं ते सांगा.'

"बातमीदार मैदानाबाहेर उभा असंल सर. नानी चुलीपुढं बसली होती."

सरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांनी तिच्या विषयावर सही केली. "लिही," ते म्हणाले. "चुलीपुढूनच लिही."

मित्रांनो, प्रकल्प पुरा झाल्यावर अर्शिया मला विसरली नाही. तिनं माझ्या बुजलेल्या वाटा एकेक करून मोकळ्या केल्या आणि जुन्या उदाहरणाखाली स्वतःची ओळ जोडली, 'तुमच्या घरी याला काय म्हणतात? तोही शब्द टाकून बघ.' मला बदलायची परवानगी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना होती. ती वापरणारी ही पहिली विद्यार्थिनी. तुम्हीही माझ्यासारख्या कुणाकडं गेलात तर नुसतं घेऊन जाऊ नका. मोडलेली वाट दिसली तर कळवा, चूक दिसली तर सुधारा, आपल्या पदरचं एखादं वाक्य घाला. आम्हाला धूळ बसत नाही म्हणून आम्हाला पुसावं लागत नाही, असं समजू नका.

एक गोष्ट सांगायची राहिली. प्रकल्प महाविद्यालयाच्या खुल्या संग्रहात चढवायचा होता, तेव्हा अर्शिया देगलूरलाच होती आणि नानी शेजारी बसल्या होत्या. तिथं एक चौकट येते: शोधशब्द. अर्शियानं भरलं, 'भूकंप, लातूर, महिला'.

"इसमें जलजला है क्या?" नानींनी विचारलं.

"नानी, प्रकल्प मराठीत हाय ना. हे शब्द बस झाले."

"बस कैसे?" नानी म्हणाल्या. "हमारे लोगां तो जलजला बोलको धुंडेंगे. फिर मैं और सरजाबाई उनकू कैसे मिलेंगे?"

अर्शियानं चढवायचं थांबवलं, उर्दू अक्षरं काढली आणि फोन नानींच्या हातात दिला.