अव्वाचा मोठा फोटो

विरुपाक्षचे वडील कल्लप्पा सोलापूरच्या बाळीवेशीत फोटो काढायचे तेव्हा फोटो सुधारायला एक टोकदार पेन्सिल आणि एक भिंग एवढीच सामग्री होती. निगेटिव्हवर पेन्सिल टेकवण्याआधी ते पोराला बजावायचे, "पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असंल ते काढ. मातीपर्यंत माणसासंगं जाणारं असंल त्याला हात लावू नको." म्हणजे मुरूम काढायचा, तीळ ठेवायचा. कल्लप्पा गेले, पेन्सिल गेली, स्टुडिओत कॉम्प्युटर आला. विरुपाक्षने तो नियम तरीही बरीच वर्षं पाळला. पुढे गिऱ्हाईक बिघडलं, असं तो सांगायचा. खरं तर दोघं मिळून बिघडले.

वर्षातले आठ महिने ऊन अंगावर घेणारं हे गाव, पण फोटोत एकालाही काळं दिसायचं नसतं. नवरदेव गोरा हवा, करवली गोरी हवी, बारशाचं बाळसुद्धा दुधात बुडवून काढल्यासारखं हवं. आधी विरुपाक्ष कुरकुरायचा. मग गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायला लागलं, तशी त्याची कुरकुर बंद झाली. हळूहळू त्याला त्यात गोडीही वाटायला लागली. माणूस खुर्चीवर बसायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यातलं काय काय घालवायचं हे त्याला दिसायला लागलं.

दिवाळीच्या आधी महेश्वर त्याच्याकडे आला. महेश्वर भुसार मालाचा व्यापारी, विरुपाक्षपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, दोघं एकाच शाळेतले. बाळीवेशीतलं भाड्याचं घर सोडून त्याने जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला होता आणि हॉलच्या भिंतीवर त्याला आईचा मोठा फोटो लावायचा होता.

"अव्वा फोटोला बसतच नाही बघ," तो म्हणाला. "मोबाईल काढला की पदर ओढून तोंड फिरवते. तू घरी येऊन काढ."

गौरम्मा ऐंशीची. कपाळावर लिंबाएवढं आवाळू, एका डोळ्यात फूल पडलेलं, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, गालफडं बसलेली. विरुपाक्षच्या आईची ती मैत्रीण; लहानपणी तिच्या हातची शेंगाचटणी-भाकरी त्याने कितीदा खाल्ली होती. विरुपाक्षने कानडीत दोन गोष्टी सांगितल्या, जुन्या घराची आठवण काढली, तेव्हा कुठे म्हातारीने पदर मागे सारला आणि एकदाच सरळ कॅमेऱ्यात बघितलं. तो एक फोटो निघाला.

स्टुडिओत महेश्वर शेजारी स्टूल घेऊन बसला. "तेवढं आवाळू काढ की. आयुष्यभर लाजली बिचारी त्याला." विरुपाक्षने काढलं. "डोळ्याचं काही होतंय का?" झालं. चांगला डोळा उचलला, उलटा केला आणि फुलाच्या जागी बसवला. मग सुरकुत्या गेल्या, गाल भरले, गोंदण गेलं, रंग उजळला. शेवटी खांद्याचा कल दरवाजाकडे हवा म्हणून अख्खा फोटोच आरशासारखा डावीकडचा उजवीकडे उलटा केला. महेश्वर दर वेळी म्हणायचा, "आणखी जरा कर की." विरुपाक्षला मधेच वडिलांची पेन्सिल आठवली होती. पण महेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्याचा हात थांबला नाही.

फोटो भिंतीवर लागला तेव्हा गौरम्मा जवळ गेली, काचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ईकी यारु?" ही कोण, म्हणून. सगळे पोट धरून हसले. विरुपाक्षही हसला.

पुढच्या आठवड्यात लग्नाची कामं आली आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायचं होतं. काम झालेल्या गिऱ्हाइकांचे मूळ फोटो त्याने नेहमीसारखे पुसून टाकले. चांगला फोटो तयार असताना वाईट कोण सांभाळत बसतो?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास गौरम्मा फ्लॅटमधून उतरली ती परत आली नाही. हल्ली तिला मधूनमधून बाळीवेशीतलं घर आठवायचं, कधी अक्कलकोटकडचं माहेर, आणि दोन्हीकडे आपल्याला कुणीतरी जेवायला थांबलंय असं वाटायचं. महेश्वरची बायको चंद्रिका गॅस बंद करून येईपर्यंत लिफ्ट खाली गेली होती.

पोलीस चौकीत फोटो मागितला. होता तो आधारकार्डावरचा, बारा वर्षांपूर्वीचा; त्यात नुसता पदर आणि नाक. महेश्वरने मोबाईलमधून हॉलमधला फोटो दिला. "हा एकदम क्लिअर आहे," तो म्हणाला. खाली मजकूर लिहिला: हिरवं इरकल लुगडं, रंग गोरा, कानडी बोलते. दुपारपर्यंत तो फोटो अर्ध्या सोलापूरच्या मोबाईलवर होता. पुढे पाठवता पाठवता मजकूर गळत गेला आणि फोटो तेवढा फिरत राहिला.

विरुपाक्षलाही तो आला, सहा ग्रुपवर. पहिल्यांदा बघितला तेव्हा लाज वाटेल अशी गोष्ट त्याच्या मनात आली: काम झकास झालंय. मग त्याच्या ध्यानात आलं. ही बाई सोलापुरात कुठेच राहत नव्हती. हिला शोधून सापडणार कोण?

तो लगेच महेश्वरकडे गेला नाही. दोन दिवस तो कॉम्प्युटरशी झटत बसला. पुसलेले फोटो परत मिळवायचे प्रोग्राम असतात, ते सगळे चालवून झाले. कुणाकुणाच्या हळदी वर आल्या, केक आले, पण गौरम्मा आली नाही. गुरुवारी चंद्रिकाचाच फोन आला. "अण्णा, फोटोतल्या बाईला कोण ओळखणार ओ? मूळ फोटो हाय ना तुमच्याकडं?"

"हाय हाय," तो म्हणाला. "शोधतोय." का खोटं बोललो, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

संध्याकाळी दोघं नवरा-बायको स्टुडिओत आले. विरुपाक्ष म्हणाला, मूळ फोटो सापडेपर्यंत ह्याच्यावरच आवाळू परत बसवू. कर्सर कपाळावर नेऊन त्याने विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"डाव्या," महेश्वर म्हणाला. मग म्हणाला, "थांब. उजव्या बहुतेक."

विरुपाक्षलाही आठवेना. फोटो तर आपण उलटा केलेला. मग फिरवण्याआधी ते कुठे होतं? त्याने ते स्वतःच्या हाताने घासून घासून काढलं होतं, पण ते काढताना त्याने कपाळाकडे बघितलंच नव्हतं.

"उजव्या भुवईच्या वर," चंद्रिका म्हणाली. "दर रविवारी तेल लावते मी त्यांना." महेश्वर खाली मान घालून बसला. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या तोंडाकडे बघून त्याने भाकरी मागितली होती, ते त्याला आठवत नव्हतं.

आवाळू बसवलं. ते चिकटवलेल्या लाडवासारखं दिसायला लागलं. डोळ्यात पांढरं भरलं तर गौरम्मा भुतासारखी दिसायला लागली. सुरकुत्या ओढाव्यात तर कुठून कुठे? काढायला एक संध्याकाळ लागली होती. घालायला जन्म पुरला नसता. तरी तो फोटो पाठवला, खाली सगळं वर्णन लिहिलं. तासाभरात उत्तरं यायला लागली. नक्की बाई एक की दोन? कुणी म्हणालं, फेक आहे, पुढे पाठवू नका. आधीचा फोटोच बरा म्हणून लोकांनी तोच परत फिरवला. एकदा बाहेर पडलेला फोटो परत कसा बोलवायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी महेश्वर आणि विरुपाक्ष मोटारसायकलवरून अक्कलकोट रोडला लागले. माहेरच्या वाटेने गेली असेल, हा चंद्रिकाचा अंदाज. रस्त्यातल्या प्रत्येक टपरीवर थांबून महेश्वर मोबाईल पुढे करायचा आणि लोक मान हलवायचे. वळसंगच्या अलीकडे बजाबाईचं चहाचं हॉटेल होतं, पत्र्याचं. धिप्पाड बाई, हातात झारा. तिने मोबाईल बघितला आणि म्हणाली, "ह्यो फोटो हाय की माज्याकडं. पर ही बाई न्हाय आली हितं."

महेश्वर मोबाईल खिशात घालायला लागला. विरुपाक्ष पुढे झाला. "मावशी, फोटो सोडा. म्हातारी होती का एक? हितं, उजव्या भुवईच्या वर, एवढं आवाळू. एक डोळा पांढरा."

बजाबाईने झारा खाली ठेवला. "आगं बया. ती व्हय?"

बुधवारी सकाळी कुणाच्या तरी टमटममधून उतरली होती. पायात चप्पल नव्हती. बजाबाईने तिला चहा दिला, दोन भजी दिली. ती भजी पदरात बांधून ठेवत होती. "मला मोडकी कानडी येती. पत्ता इचारला तर म्हनली, जेवायला थांबल्यात घरी. मला लई कसंतरी झालं. तवाच मोबाईलवर ह्यो फोटो आल्याला. म्हनलं म्हातारं मानूस फिरतंय, हिनं बघितली आसंल. म्हनून तिलाच दाखवला."

"कुणाला?" महेश्वरने विचारलं.

"तिलाच की ओ. तुमच्या आईला. म्हनलं, आज्जे, ही बाई हरवलिया, कुटं दिसली का? तिनं मोबाईल हातात घेतला, लई येळ बघितला. बोट फिरवलं ह्याच्यावरनं. आन म्हनली, भाळ चंद अदाळ. नम्म पैकी अल्ल." बजाबाईने त्याचा अर्थ सांगितला. "लई देखनी हाय म्हनली, पर आमच्यातली न्हाय. मग म्हनली, घरच्यांनी नीट शोधाया पायजे हिला. आन उठून गेली."

भट्टीवरचा चहा उतू गेला. कुणीच तो उतरवला नाही.

"कुठं गेली?" विरुपाक्षने विचारलं.

"त्या गाडीवाटंनं, रानात. मी हाक मारली. गिऱ्हाईक हुतं, सोडून जाता येईना." बजाबाईचे डोळे भरून आले आणि त्याबरोबर आवाजही चढला. "आसला फोटो का दिला ओ तुमी? माज्या म्होरं बसली हुती की ती! हाताला धरून बसवली आसती."

महेश्वर विरुपाक्षकडे वळला. "मूळ सापडला का रे?"

"नाही," विरुपाक्ष म्हणाला. "नव्हताच अण्णा. दिवाळीतच पुसलाय मी."

त्याला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. महेश्वर फक्त म्हणाला, "मीच म्हणत होतो की, आणखी जरा कर."

गाडीवाट कोरड्या ओढ्यातून पलीकडच्या कापलेल्या ज्वारीच्या रानात शिरत होती. मोटारसायकल लावून दोघं चालायला लागले. ती इथून गेल्याला तीन दिवस झाले होते. मातीत मेंढरांचे खूर तेवढे दिसत होते. बराच वेळ चालल्यावर एका बाभळीखाली एक मेंढपाळ बसलेला दिसला. विरुपाक्षने आपली मूठ स्वतःच्या उजव्या भुवईवर धरली आणि हळूहळू सांगत गेला: एवढं आवाळू, एक डोळा पांढरा, हनुवटीवर तीन ठिपके, गाल बसलेले, रंग आपल्यासारखाच. सांगता सांगता म्हातारी त्याला लख्ख दिसली, दिवाळीच्या आधी पदर मागे सारून बघत होती तशी.

मेंढपाळाने नीट ऐकून घेतलं. थोडा विचार केला. "आसा अंदाज लागंना," तो म्हणाला. "फोटो हाय का येखादा?"

महेश्वरचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"नाही," विरुपाक्ष म्हणाला. "फोटो नाही."