मास्तरांच्या नाकातलं बिऱ्हाड

एकतीस वर्षं मास्तर पगार घेऊन जंतू वाढवत होते. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत कुणाच्या जखमेतला पू यायचा, कुणाच्या घशात फिरवलेला कापूस. मास्तर तो प्लेटमधल्या तांबड्या जेलीवर फिरवून उबदार पेटीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी उगवलेल्या ठिपक्यांवरून गुन्हेगार कोण ते सांगायचे. शाळेत त्यांनी एक तासही शिकवलेलं नव्हतं. पण झाकण जरासं उचलून नुसत्या वासावरून ते जंतू ओळखायचे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना नाकमास्तर म्हणायचे आणि तोंडावर मास्तर. प्लेटा हुंगू नयेत अशी सूचना भिंतीवर होती. ती मास्तरांनीच लावली होती, नव्या मुलींसाठी.

एकतीस वर्षांत आजारपणाची एक रजा घेतली नाही, हे ते समोरच्याचं नाव विचारायच्या आधी सांगायचे. वर 'आपल्यापुढे जंतूंची डाळ शिजत नाही' हेही असायचं. सगळा विभाग सर्दीने नाक पुसत असला की मास्तर मुद्दाम दारं-खिडक्या उघडत फिरायचे. माणूस वाईट नव्हता, पण हिवाळ्यात सहन व्हायचा नाही.

यंदा मात्र त्यांची फुशारकी जरा थंडावली होती. महिन्यापूर्वी त्यांच्या बायकोला नवं मूत्रपिंड बसवलं होतं. कुणा अनोळखी माणसाच्या घरच्यांनी, त्याचा श्वास थांबला त्या दिवशी, अवयवदानाला हो म्हटलं होतं. आता शरीर हे फार संशयी प्रकरण आहे. परकं काही आत आलं की त्याचे पहारेकरी आधी काठी घालतात आणि चौकशी मागाहून करतात. ते या नव्या मूत्रपिंडावर तुटून पडू नयेत म्हणून औषधं देऊन त्यांना अर्धवट झोपवून ठेवलं होतं. पण पहारा झोपला की जंतूंचं फावतं, आणि हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक? बायको शनिवारी घरी येणार होती आणि मास्तर मनातून घाबरले होते. ती भीती त्यांनी नियमांत गुंडाळून ठेवली होती.

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की हात धुवा आणि आजारी माणसाला लांब ठेवा. मास्तरांना ते फारच पोरकट वाटलं. त्यांनी बायकोच्या खोलीच्या दारावर चौदा नियमांचा कागद डकवला आणि खाली सही ठोकली. चौदावा नियम असा, की घरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाची तपासणी होईल आणि ज्याच्या नाकात तो सोनेरी जंतू सापडेल, जो जखमेत शिरला की धिंगाणा घालतो, त्याला दहा दिवस खोलीत पाय टाकता येणार नाही.

हा नियम एका माणसासाठी बनवला होता. मास्तरांची मेहुणी, घरात सगळे जिला धाकटी म्हणत, बहिणीच्या सेवेला येऊन राहिली होती आणि रोज सकाळी न चुकता अकरा वेळा शिंकायची. धुळीने शिंकायची, उन्हाने शिंकायची, उशीचा अभ्रा बदलला तरी शिंकायची. मास्तरांनी तिला जेवताना तोंडावर सांगून टाकलं होतं की तुझं नाक म्हणजे जंतूंची धर्मशाळा आहे. ती ताट उचलून आत गेली. बायकोची जखम पुसणं, पट्टी बदलणं, रात्री उशाशी बसणं, हे सगळं आपणच करायचं असं मास्तरांनी ठरवलं होतं. महिनाभर काचेपलीकडून तिच्याकडे बघून त्यांचा जीव अर्धा झाला होता.

मंगळवारी त्यांनी धाकटीच्या नाकात कापसाची काडी फिरवली. नियम तो नियम, म्हणून स्वतःच्याही. बुधवारी पेटी उघडली तर धाकटीच्या प्लेटवर चार-दोन निरुपद्रवी पांढरे ठिपके. स्वतःच्या प्लेटवर मात्र सोनेरी टपोरी वस्ती, दाटीवाटीने, जणू भाडं थकवून वर्षानुवर्षं राहिल्यासारखी. मास्तरांनी सवयीने झाकण उचललं, हुंगलं आणि घाईने बंद केलं.

प्लेटांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार, असं म्हणून त्यांनी पुन्हा दोघांची नाकं तपासली. 'जंतूंना परत एकदा विचारून बघा' एवढंच धाकटी म्हणाली. गुरुवारी उत्तर तेच आलं.

आता त्या प्लेटा कुणाच्या, हे मास्तरांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. जाळायच्या कचऱ्याचा डबा दोन पावलांवर होता. त्यांनी प्लेट डब्यावर धरली. शनिवारी आपण तिचा हात धरून तिला आत नेतोय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आणि त्याच हाताने तिची पट्टी बदलतोय, हेही आलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते प्लेट घेऊन विभागप्रमुख बाईंकडे गेले.

बाई मास्तरांपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि दुपटीने शांत. त्यांनी प्लेट उजेडात धरून बघितली आणि विचारलं की हे सद्गृहस्थ कोण. मास्तरांनी स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो फारसा जमला नाही. त्यांनी सांगितलं की दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात हा सुखाने राहतो, त्यात हुंगण्याचाच दोष असेल असं नाही. मलम आणि औषधी साबण घेतला की बहुतेक वेळा जातो.

"पण मी कधी आजारी पडलो नाही," मास्तर अजीजीने म्हणाले.

"कसे पडाल? तुमचे पहारेकरी त्याच्याशी लढतच नाहीयेत, मास्तर. दोघं ओसरीवर बसून पत्ते खेळतायत. आणि तुमच्या मेहुणीबाईंचे पहारेकरी धुळीवरसुद्धा तोफा डागतात. तुम्ही नेमकं उलटं समजलात."

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी धाकटीला सगळं सांगितलं. सांगताना माफीही मागितली, कपाटाकडे बघत का होईना, पण मागितली. धाकटीने चौदावा नियम मोठ्याने वाचून दाखवला, खालच्या सहीसकट. बाई म्हणाल्या होत्या की तोंडाला मास्क लावून, पट्टीला हात न लावता खोलीत जायला हरकत नाही. मास्तर तो निरोप सांगणारही होते. पण धाकटीने त्यांच्या हातात औषधी साबण ठेवला आणि न शिंकता म्हणाली, "दहा दिवस, भावोजी."

शनिवारी बायको आली. धाकटीने तिला धरून आत नेलं, निजवलं, पट्टी नीट बदलली. मास्तर नाकात मलम भरून, मास्क लावून उंबऱ्याबाहेरच्या खुर्चीत बसले होते. धाकटीने बहिणीला एकूण एक हकीगत रंगवून सांगितली होती. आता बायको फाडून खाणार, अशी मास्तरांनी मनाची तयारी केली.

बायकोने उशीवरून मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. महिन्याभरात ती फार वाळली होती.

"अहो, किती वर्षं असेल तो तुमच्या नाकात?"

"कोण जाणे. दहा, वीस. मला कधी कळलंच नाही."

"म्हणजे परका माणूस घरात राहतोय आणि तुमच्या शरीराने कधी त्याला जा म्हटलं नाही." तिने चादरीवरून पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला. "माझं शरीर याला रोज जा म्हणायला बघतंय. मुठीने गोळ्या खाऊन त्याला गप्प बसवावं लागतं. मला भीती वाटते हो, एक दिवस ते ऐकायचं नाही."

मास्तरांनी खुर्ची उंबऱ्याला भिडेपर्यंत पुढे सरकवली.

"तुमच्याकडे सवड आहेच आता दहा दिवस," ती डोळे मिटत म्हणाली. "तिथून का होईना, शिकवा माझ्या शरीराला, परक्याला कसं राहू द्यायचं ते. नाहीतरी सगळे तुम्हाला मास्तर म्हणतातच."

मास्तरांनी मास्क नीट केला, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा शिकवायला बसले.