करंगळीवर काढलेलं उट्टं

थोरल्याने दुकान देऊन टाकलं, तेही दात-ओठ खातच. त्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, धाकट्या भावाचं दुकान होतं. दोघेही जोडे शिवणारे, एकाच बापाच्या हाताखाली तयार झालेले. टेकडीवरच्या सेवाघरात काही ब्रदर एकत्र राहून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करत. तिथे कायमचं राहायला यायचं तर रिकाम्या हातांनी या, असं तिथल्या फादरनी सांगितलं होतं. थोरल्याने दुकान, मशीन, हातोडे सगळं एका परक्या कारागिराच्या हवाली केलं. देवासाठी सोडलं, असं तो चारचौघांत सांगायचा. भावाच्या हाती आपला एक खिळाही लागू नये, ही तजवीज त्यात होती हे कशाला सांगेल?

आता, त्याची श्रद्धा खोटी होती असं कुणी समजू नये. बायको गेल्यावर रिकाम्या घरात त्याचा जीव घुसमटायचा. ज्याच्या मालकीचं काहीच नव्हतं आणि म्हणून ज्याला कुणी बांधून ठेवू शकलं नाही, त्या ख्रिस्ताचा त्याला मनापासून हेवा वाटायचा. त्यालाही तसंच मोकळं व्हायचं होतं. फक्त भावावरचा डूख तेवढा सोबत न्यायचा होता.

आणि डूख काही फुकटचा नव्हता. बाप आजारी पडला तेव्हा थोरला दुसऱ्या शहरात कारखान्यात होता. शेवटच्या घटकेला बाप दुकान थोरल्याला देऊन बसेल, या भीतीने धाकट्याने त्याला निरोपच धाडला नाही. बाप थोरल्याला हाका मारत गेला, हे शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं. सख्ख्या भावाला बापाच्या मातीला बोलावलं नाही! त्या दिवसापासून थोरला त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. समोर दुकान थाटलं ते मात्र मुद्दाम, रोज त्याच्या डोळ्यांत खुपावं म्हणून.

बापाचा एक नियम तरीही दोघांनी मोडला नाही. आपला जोडा आपण शिवायचा नाही. स्वतःचं माप घ्यायला माणूस वाकला की पायावरचा भार बदलतो आणि माप चुकतं, असं बाप म्हणायचा. त्यामुळे दोघे भाऊ एकमेकांचे जोडे शिवत आले होते आणि बोलणं तुटल्यावरही शिवत राहिले. धाकट्याची बायको पिशवीतून एकाचे जोडे दुसऱ्याकडे पोचवायची.

इथेच थोरल्याने डाव साधला. जोडा ज्या लाकडी पायावर चढवून शिवतात, त्याला कलबूत म्हणतात. धाकट्याच्या पायाचं कलबूत थोरल्याकडे होतं. बापाच्या मातीनंतर पहिल्याच जोड्याच्या वेळी त्याने कानस घेतली आणि उजव्या करंगळीपाशी लाकूड घासून कमी केलं. फार नाही, नखाच्या जाडीएवढं. मग प्रत्येक जोड्याला आणखी थोडं. जोडा बाहेरून देखणा, टाक्याला टाका लागलेला, आणि आत करंगळीला चिमटा. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला तो मुद्दाम मागच्या बाकावर बसायचा. धाकटा ख्रिस्तप्रसाद घ्यायला लंगडत पुढे जायचा आणि थोरल्याचे डोळे निवायचे.

सेवाघरात जायच्या दिवशी त्याच्या पिशवीत दोन सदरे होते आणि तळाशी ते कलबूत.

"हे काय?" फादरनी विचारलं.

"लाकूड," थोरला म्हणाला.

फादरनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि खिडकीत ठेवलं. मग त्यांनी घराची रीत सांगितली. येणाऱ्याने आत पाऊल टाकण्यापूर्वी एका माणसाचे पाय धुवायचे, आणि तो माणूस असा हवा की ज्याचं नाव काढलं तरी आपल्या कपाळाला आठी पडते.

"ते जमत नसेल तर?"

"तर घरी जायचं. बाकी सगळं सोडून आलेले खूप येतात हो."

थोरल्याने जरासा विचार केला आणि खूश झाला. इतकी वर्षं नुसतं लंगडणं बघितलं होतं. आता आपली करामत जवळून बघायला मिळणार होती, तीही देवाच्या घरात, फादरच्या परवानगीने.

फादरनी निरोप धाडला आणि दुपारी धाकटा आला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. व्हरांड्यात खुर्चीवर बसला. थोरल्याने ऊन पाण्याचं घमेलं पुढे ओढलं आणि त्याचा उजवा मोजा स्वतः उतरवला. करंगळी शेजारच्या बोटाखाली पार दुमडून गेली होती. नख नव्हतंच. बाहेरच्या बाजूला सुपारीएवढं कुरूप, आणि त्याच्याभोवतीची कातडी काळीनिळी पडलेली.

"बघा, दादा," धाकट्याची बायको म्हणाली. "मी कितीदा म्हटलं, बाजारातून तयार जोडा घ्या. ऐकतील तर शपथ."

थोरल्याचा अंगठा नेमका त्या कुरुपावर होता. जरा दाबलं असतं तर खुर्चीतला माणूस कळवळला असता. त्याने दाबलं. चांगला जोर लावून दाबलं. धाकट्याने खुर्चीचा हात घट्ट धरला, पण पाय मागे घेतला नाही.

"पहिल्या जोड्यापासून माहीत होतं मला," तो म्हणाला. "मीही बापाकडेच शिकलोय ना, दादा. पाय घातल्या घातल्या कळलं, इथलं लाकूड घासलंय."

"मग घातलास कशाला?"

"तू बोलत नव्हतास. तुझ्याकडून जोडा तेवढा यायचा." मग तो म्हणाला, "आणि बाप तुला हाका मारत होता, त्या मी ऐकल्यात. तुला निरोप नाही धाडला. मला कुठेतरी दुखायला हवंच होतं."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा लबाड आपला सूडही स्वतःच्या पदरात पाडून बसला होता! आपण उट्टं काढत होतो आणि हा त्याचं प्रायश्चित्त करत होता. इतक्या वर्षांच्या मेहनतीतून आपल्या हाती काय राहिलं? त्याला ओरडावंसं वाटलं. रागाने मान खाली घातली तेव्हा त्याला स्वतःचे पाय दिसले, दाराशी जोडे काढून ठेवल्यामुळे उघडे. त्यांवर ना कुरूप, ना घट्टा, दहाही बोटं सरळ. मऊ चामड्याचे, बेतशीर जोडे धाकट्याने त्याला दरवेळी शिवून दिले होते. ते कधी चावले नाहीत, म्हणून ते कुणी शिवले याची त्याला कधी आठवणच झाली नव्हती.

थोरल्याने अंगठा काढला. मग तो रडला, आवाज न करता, घमेल्यात तोंड घालून रडावं तसा वाकून. पाणी निवत चाललं होतं. त्याने आधी डावा पाय धुतला, मग उजवा, आणि करंगळी दोन बोटांत धरून हलकेच सोडवली.

उठून त्याने खिडकीतलं कलबूत घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या चुलीत सारलं. वाळकं लाकूड, लगेच पेटलं. ते पुरतं जळेपर्यंत तो तिथून हलला नाही. बाहेर आला तो फादरच्या टेबलावरचा कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन.

"चला आत," फादर म्हणाले.

"आत्ता नाही, फादर. दुकान ज्याला दिलं त्याच्याकडे हत्यारं मागायला जायचंय. एक जोडा शिवायचा राहिलाय." मग ओशाळून म्हणाला, "आणि खरं सांगू? राग अजून आहे माझा."

"असू दे. रागालाही घेऊन या."

थोरल्याने कागद फरशीवर पसरला. "ऊठ," तो भावाला म्हणाला. "दोन्ही पायांवर सारखा भार टाक. खाली बघू नकोस, माप चुकेल."

धाकटा उभा राहिला. थोरला गुडघ्यांवर बसला आणि बापाने शिकवलं होतं तशी पेन्सिल उभी धरून त्याने त्या पायाभोवती रेघ ओढायला घेतली. करंगळीपाशी आल्यावर त्याने रेघ थोडी बाहेरून नेली.